पोकेमॉन लढतीत समोरच्याला अडकवायचं कसं

सिंगल्सच्या लढतीत प्रत्येकाकडे सहा पोकेमॉन, मैदानात मात्र एकेकच. त्यामुळे मुरलेला खेळाडू अर्धी लढत स्विचवर, म्हणजे मैदानातला पोकेमॉन बदलण्यावर खेळतो. तुमचा हल्ला ज्याला झोंबत नाही तो आत येतो, ज्याला झोंबतो तो बाहेर जातो. ट्रॅप लावायचा म्हणजे समोरच्याकडून हा स्विचच काढून घ्यायचा. कबड्डीत खोलवर आलेल्या चढाईवाल्याला रोखायला सगळ्यात धिप्पाड गडी लागतोच असं नाही, त्याची मध्यरेषेकडची वाट कापणारा गडी लागतो. मॅग्नेझोन, डगट्रिओ, गॉथिटेल हे त्या जातीचे गडी आहेत.

सोलापुरात सात रस्त्याला किंवा जुळे सोलापुरात चहाच्या टपरीवर फोनवर शोडाउन (पोकेमॉन लढतींची वेबसाइट) लावून बसणाऱ्या पोरांना ट्रॅप माहीत असतो, पण बहुतेक जण तो उलट्या टोकानं शिकतात. आधी मॅग्नेझोन टीममध्ये घालतात आणि मग हा कुणाला धरणार ते शोधत बसतात. आधी सावज ठरवायला हवं. आपला कोणता पोकेमॉन लढत जिंकून देणार आहे आणि त्याच्या वाटेत नेमका कोण उभा राहतो, हे कागदावर लिहा. तो एकच नग काढला की वाट मोकळी होत असेल, तरच ट्रॅपरला सहातली एक जागा द्यावी.

काय चालतं, काय चालत नाही

ट्रॅप लावणाऱ्या मोठ्या अ‍ॅबिलिटी (पोकेमॉनचे अंगभूत गुण) तीन. शॅडो टॅग समोरच्या जवळजवळ सगळ्यांना अडकवते. अरेना ट्रॅप जमिनीवर असलेल्यांनाच अडकवते, म्हणजे फ्लायिंग टाइप, लेव्हिटेटवाला (तरंगणारा) आणि एअर बलून घेतलेला तिच्यातून सुटतो. मॅग्नेट पुल फक्त स्टील टाइपला धरून ठेवते. २०१३ साली खेळाची सहावी पिढी आली तेव्हापासून घोस्ट टाइपला यातलं काहीच अडकवू शकत नाही. घोल्डेंगो स्टील असूनही मॅग्नेझोनसमोरून निघून जातो तो याच नियमामुळे, कारण तो घोस्टही आहे.

स्मोगॉन या चाहत्यांच्या साइटनं नियम ठरवलेल्या नवव्या पिढीच्या ओयू (सगळ्यात जास्त वापरातल्या पोकेमॉनच्या) प्रकारात शॅडो टॅग आणि अरेना ट्रॅप या दोन्हींवर बंदी आहे, मॅग्नेट पुल चालते. अधिकृत डबल्समध्ये, म्हणजे व्हीजीसीत, शॅडो टॅगवर वेगळी बंदी नसते. फक्त तो पोकेमॉन त्या हंगामाच्या यादीत असावा लागतो. मित्रामित्रांत खेळताना हे आधी बोलून घ्या. अर्धी लढत झाल्यावर एकानं शॅडो टॅगवाला वॉबफेट काढायचा आणि दुसऱ्यानं ‘हे चालत नाही की बे’ म्हणायचं, यात संध्याकाळ वाया जाते. नवख्यांसाठी दोन्ही बंद ठेवून मॅग्नेट पुलनं सुरुवात करणं बरं. तिचं सावज मर्यादित असतं, त्यामुळे विचार करायची सवय लागते.

जुन्या खेळांचं पर्स्युट विसरा. स्विच करून पळणाऱ्याला दुप्पट मार देणारी ती मूव्ह आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१९ पासून, वापरताच येत नाही. जुन्या टीमची नक्कल करताना इथेच गोंधळ होतो.

मॅग्नेझोन आणि स्कार्मरी: एक ट्रॅप जवळून

समजा तुमचा जिंकून देणारा ड्रॅगनाइट आहे. ड्रॅगन डान्स मारून अटॅक आणि स्पीड वाढवायचा, मग एक्स्ट्रीम स्पीडनं झोडपायचं. त्याला थांबवतात स्कार्मरी आणि कॉर्विनाइट. दोघेही स्टील-फ्लायिंग, फिजिकल मार पचवणारे. शिवाय स्कार्मरी व्हर्लविंड मारून तुमची सगळी वाढ पुसून टाकते. सावज ठरलं, आता सापळा.

मॅग्नेझोनवर मॅग्नेट पुल हीच अ‍ॅबिलिटी निवडली आहे ना, हे आधी बघा. त्याला स्टर्डीही मिळते आणि घाईत टीम बनवताना चुकून तीच राहते. मग समोरची स्कार्मरी शांतपणे निघून जाते आणि पोरं शोडाउनला दोष देत बसतात.

सेट असा लावा. नेचर मॉडेस्ट (स्पेशल अटॅक वाढवणारं), आयटम एअर बलून. मूव्ह: थंडरबोल्ट, फ्लॅश कॅनन, व्होल्ट स्विच आणि चौथी बॉडी प्रेस किंवा टेरा फायरसह टेरा ब्लास्ट (टेरा म्हणजे लढतीत एकदा टाइप बदलणं). ईव्ही (ताकद वाढवायला वाटायचे गुण) स्पेशल अटॅकला २५२, स्पीडला ८४, उरलेल्या १७२ एचपीला, म्हणजे जीवाला.

स्पीडचे हे ८४ कशासाठी, ते नीट समजून घ्या, कारण ट्रॅप बहुतेक वेळा इथेच फसतो. मॅग्नेझोनचा मूळ स्पीड ६०, स्कार्मरीचा ७०, कॉर्विनाइटचा ६७. लेव्हल १०० ला ईव्ही न घातलेली स्कार्मरी १७६ वर असते आणि कॉर्विनाइट १७० वर. मॅग्नेझोनला काहीच दिलं नाही तर तो १५६ वर, म्हणजे दोघांच्याही मागे. मग स्कार्मरी आधी रूस्ट मारते. रूस्ट मारणारा त्या टर्नपुरता फ्लायिंग टाइप सोडतो, त्यामुळे तुमचा थंडरबोल्ट दुप्पट लागायचा तो साधाच लागतो आणि वर तिचं अर्धं एचपीही भरलेलं असतं. ८४ ईव्ही दिले की मॅग्नेझोन १७७ वर जातो, एकानं का होईना पण पुढे. समोरचाही हाच हिशोब करून स्कार्मरीला थोडा स्पीड देत असेल, तर तुम्हीही आणखी वाढवा, एचपीतून काढून.

आता माराचा हिशोब. एचपीला २५२ आणि बाकी सगळं फिजिकल डिफेन्सला दिलेल्या स्कार्मरीचं एचपी ३३४. मॉडेस्ट मॅग्नेझोनचा थंडरबोल्ट तिला एका फटक्यात आडवी करण्याइतका जोरात बसतो, सगळ्यात कमी आकडा आला तरी. पण स्कार्मरीची स्वतःची अ‍ॅबिलिटी बहुतेकदा स्टर्डी असते. एचपी पूर्ण भरलेलं असेल तर ती १ एचपीवर उभी राहते आणि त्याच टर्नला शेवटी व्हर्लविंड मारून तुमच्या मॅग्नेझोनला बाहेर फेकते. मॅग्नेझोन गेला की ट्रॅपही गेला. म्हणून स्कार्मरीवर ट्रॅप लावण्याआधी तिला थोडी तरी जखम हवी. सोपा उपाय स्टेल्थ रॉक, म्हणजे आत येणाऱ्याला टोचणारे दगड. स्टील-फ्लायिंगला रॉक टाइपचा मार साधा बसतो, म्हणजे आत येतानाच एचपीचा आठवा भाग जातो आणि स्टर्डी निकामी होते.

स्पेशल डिफेन्सला २५२ ईव्ही आणि केअरफुल नेचर दिलेली स्कार्मरी असेल, तर चित्र बदलतं. थंडरबोल्ट २९० ते ३४४ च्या दरम्यान लागतो (दर फटक्याला १६ संभाव्य आकड्यांपैकी एक येतो). ३३४ एचपी एका फटक्यात संपवायला १६ पैकी ३ वेळाच आकडा पुरतो. स्टेल्थ रॉक पडलेला असेल तर ती २९३ एचपीवर आलेली असते आणि मग १६ पैकी १५ वेळा काम होतं. एका स्टेल्थ रॉकचा फरक केवढा, ते इथे दिसतं. कॉर्विनाइटचंही असंच: ४०० एचपी, स्पेशल डिफेन्सला काहीच न देता थंडरबोल्ट ३७२ ते ४३८. जखम नसेल तर १६ पैकी ९, स्टेल्थ रॉकनंतर खात्रीनं. मात्र समोरच्यानं हेवी-ड्यूटी बूट्स घातले असतील तर स्टेल्थ रॉक लागतच नाही. कॉर्विनाइटवर ते असू शकतात, तेव्हा आत येताना एचपी हललं का, ते पाहा.

हे आकडे पाठ करायची गरज नाही. शोडाउनच्या डॅमेज कॅल्क्युलेटरमध्ये दोन्ही पोकेमॉन भरा, मैदानाच्या भागात स्टेल्थ रॉक एकदा बंद आणि एकदा चालू करून बघा. दोन आकडे येतात, त्यातला लहान वाचायचा. मोठ्या आकड्यावर ट्रॅपची योजना आखू नका. फटका बसला पण सावज उरलं, तर अडकलेला पोकेमॉन हातात आहे ते सगळं वापरतो. स्कार्मरी आणि कॉर्विनाइट दोघांकडे बॉडी प्रेस असू शकते आणि ती मॅग्नेझोनला दुप्पट लागते.

प्रत्येक स्टील हे सावज नसतं. किंगॅम्बिट डार्क-स्टील, त्याला बॉडी प्रेस चौपट लागते. सिझरला फायरचा मार चौपट, पण त्याच्याकडे यू-टर्न (मारून लगेच बाहेर पडणारी मूव्ह) असतोच असं धरून चाला. हीट्रॅनला थंडरबोल्ट साधाच लागतो आणि त्याची अर्थ पॉवर बलून फुटलेल्या मॅग्नेझोनला चौपट. आयर्न ट्रेड्स ग्राउंड-स्टील, त्याला इलेक्ट्रिक मार लागतच नाही. याला अडकवून अडकतो तो मॅग्नेझोनच.

आत आणायचं कसं

ट्रॅपर नाजूक असतो किंवा हळू असतो, बहुतेकदा दोन्ही. तो आत येतानाच मार खाल्ला तर पुढची सगळी गणितं बिघडतात. वाटा तीन आहेत.

पहिली आणि सगळ्यात खात्रीची: आपला पोकेमॉन पडल्यावर. समोर स्कार्मरी उभी असताना आपला कुणी पडला, तर मॅग्नेझोन फुकटात येतो. यासाठी कधीकधी संपत आलेला पोकेमॉन जाणून बुजून पडू द्यावा लागतो. नवखे इथे कचरतात. १५ एचपीचा पोकेमॉन वाचवण्यापेक्षा योग्य वेळी आत आलेला ट्रॅपर जास्त मोलाचा.

दुसरी वाट यू-टर्न, व्होल्ट स्विच, फ्लिप टर्न यांची. इथे क्रम ध्यानात घ्या. समोरचा स्विच करतो तेव्हा आधी त्याचा स्विच होतो, तुमचा यू-टर्न त्यानंतर. म्हणजे कोण आत आलं ते बघूनच तुम्ही कुणाला पाठवायचं ते ठरवता. स्कार्मरी आली तर मॅग्नेझोन, दुसरं कुणी आलं तर दुसरा. अंदाज चुकला तरी नुकसान थोडं. यू-टर्न अंगाला लागणारी मूव्ह असल्यानं रॉकी हेल्मेटवाल्याकडून एचपीचा सहावा भाग जाऊ शकतो, तेवढं धरून चाला. हळू पिव्हट (बाहेर पडून दुसऱ्याला जागा देणारा) असेल तर आणखी बरं. गॅलरियन स्लोकिंगचा स्पीड फक्त ३०, त्याची बाहेर काढणारी मूव्ह चिली रिसेप्शन जवळपास नेहमी शेवटी होते. समोरच्याचा हल्ला स्लोकिंग खातो आणि मॅग्नेझोन निवांत आत येतो.

तिसरी वाट डबल स्विच. समोरचा आता स्कार्मरी काढणार असा अंदाज बांधून त्याच टर्नला तुम्ही थेट मॅग्नेझोन पाठवायचा. जमलं तर टपरीवर आरडाओरडा होतो. चुकलं तर मॅग्नेझोन ग्रेट टस्कच्या अर्थक्वेकसमोर उभा असतो. बलून त्या ग्राउंड मारापासून वाचवतो, पण टस्क फायटिंगही आहे. समोरच्यानं तशीच परिस्थिती येताच स्कार्मरी आधी दोनदा काढली असेल, तरच ही वाट धरावी. पहिल्याच वेळी डबल स्विच मारणं म्हणजे जुगार.

सुटका कशी होते, आणि ती आधी कशी ओळखायची

ट्रॅपमधून सुटण्याची साधनं थोडीच आहेत, ती तोंडपाठ असू द्या. घोस्ट टाइप. शेड शेल हा आयटम, तो असला की कुठल्याही ट्रॅपमधून स्विच करता येतो. यू-टर्न, व्होल्ट स्विच, फ्लिप टर्न, पार्टिंग शॉट, टेलिपोर्ट यांसारख्या स्वतःला बाहेर काढणाऱ्या मूव्ह. इजेक्ट बटन. आणि उलट बाजूनं, तुमच्या ट्रॅपरलाच बाहेर फेकणाऱ्या व्हर्लविंड, रोअर, ड्रॅगन टेल.

नवव्या पिढीत टेराही आहे. टाइप बदलला की ट्रॅपही बदलतो. अडकलेली स्कार्मरी टेरा करून स्टील सोडून दुसरं काही झाली, तर पुढच्या टर्नला ती निघून जाऊ शकते. टेरा घोस्ट झाला तर कुठलाच ट्रॅप त्याला धरत नाही. दिलासा एवढाच की टेरा करायला त्या टर्नला मूव्ह निवडावी लागते, म्हणजे एक फटका तुम्हाला मिळतोच. म्हणूनच एका फटक्यात संपेल असं सावज निवडा.

शेड शेल दिसत नाही, पण ओळखता येतो. टर्नच्या शेवटी लेफ्टओव्हर्सनं एचपी वाढलं का? नाही. स्टेल्थ रॉक लागला का? लागला, म्हणजे बूट्स नाहीत. अंगाला लागणारा हल्ला करणाऱ्याला रॉकी हेल्मेटचा मार बसला का? नाही. या तिन्ही गोष्टी नसलेली स्कार्मरी दिसली, तर तिच्यावर शेड शेल आहे असं समजूनच खेळा. उपाय नॉक ऑफ. एकदा आयटम पाडला की तो नक्की कोणता होता तेही कळतं आणि सुटकाही बंद. मॅग्नेझोन दाखवण्याआधी हे काम उरकलेलं असावं.

शोडाउनवर आणखी एक खूण मिळते. समोरचा पोकेमॉन ट्रॅप लावणारा असू शकतो आणि त्याची अ‍ॅबिलिटी अजून उघड झालेली नाही, अशा वेळी तुम्ही अडकलेले असू शकता आणि स्विच निवडल्यावर तो मागे घेता येणार नाही, असा इशारा येतो. हा इशारा म्हणजे समोर नक्की ट्रॅप आहे असं नव्हे. पण स्विचचं बटण दाबण्याआधी दोन सेकंद थांबा, दाबल्यावर विचार बदलता येत नाही.

हळूहळू गळणारा ट्रॅप

दुसऱ्या जातीचा ट्रॅप एका फटक्याचा नसतो. व्हर्लपूल, फायर स्पिन, सँड टूम, इन्फेस्टेशन, मॅग्मा स्टॉर्म, थंडर केज या मूव्ह मार देतातच, शिवाय समोरच्याला ४ किंवा ५ टर्न धरून ठेवतात आणि दर टर्नच्या शेवटी एचपीचा आठवा भाग काढतात. बाइंडिंग बँड घेतला तर सहावा भाग, ग्रिप क्लॉ घेतला तर ७ टर्न. घोस्टला मार बसतो, पण तो जाऊ शकतो. रॅपिड स्पिननं सुटका होते आणि ट्रॅप लावणारा बाहेर गेला की सगळं संपतं.

या सगळ्यांत मोलाचा हीट्रॅनचा मॅग्मा स्टॉर्म. ताकद १००, नेम ७५ टक्के, पीपी (किती वेळा वापरता येते) वाढवून ८. पाच टर्न टिकला तर नुसत्या गळतीनं ६२.५ टक्के एचपी जातं. समोरच्याकडे लेफ्टओव्हर्स असतील तर दर टर्नला सोळावा भाग परत येतो, म्हणजे गळती निम्मी होते. ते थांबत नाही, पण बरं करणाऱ्या मूव्ह थांबवायला सोबत टॉन्ट (समोरच्याला फक्त हल्ल्याच्या मूव्ह वापरू देणारी मूव्ह) हवा. बरं करणाऱ्या, स्टेटस देणाऱ्या मूव्हवर जगणाऱ्या वॉलला (मार पचवत बसणाऱ्या पोकेमॉनला) टॉन्टमध्ये ठेवून मॅग्मा स्टॉर्ममध्ये अडकवलं की ती पळूही शकत नाही आणि भरूनही काढू शकत नाही. ब्लिसी आणि क्लेफेबल यांसारख्यांवर हे चालतं. टॉक्सापेक्सवर फायर अर्धाच लागतो, तिथे गळती आणि अर्थ पॉवर या दोघांवर भिस्त ठेवायची.

नेमाचा प्रश्न गंभीर आहे. ७५ टक्के ऐकायला बरं वाटतं, पण लागोपाठ दोन वेळा लागायची शक्यता ५६ टक्क्यांच्या आसपास. हीट्रॅन आधीच अर्धा झाला असेल आणि योजना दोन स्टॉर्मवर टांगलेली असेल, तर ती योजना नाहीच असं समजा. चुकल्यावर काय करायचं ते स्टॉर्म मारण्याआधी ठरलेलं हवं.

डबल्समधला पेरिश ट्रॅप

व्हीजीसीत सहा आणून चार निवडायचे, लेव्हल ५०, मैदानात दोघे. इथे गॉथिटेलची शॅडो टॅग समोरच्या दोघांनाही धरते. त्यावर पेरिश साँग मारलं की मैदानातले सगळे, दोन्ही बाजूंचे, तीन टर्ननंतर पडतात. तुम्ही स्विच करू शकता, ते करू शकत नाहीत. पाहायला हे सोपं वाटतं, पण टर्न मोजण्यात हमखास चूक होते. म्हणून क्रम सविस्तर देतो.

चौघे असे धरा: गॉथिटेल, फ्लटर मेन, इन्सिनरोर आणि चौथा कुणीही जो शेवटी लढेल. सुरुवात गॉथिटेल आणि फ्लटर मेननं.

पहिला टर्न: फ्लटर मेन पेरिश साँग, गॉथिटेल प्रोटेक्ट (त्या टर्नचा मार अडवणारी मूव्ह). टर्नच्या शेवटी, पडायला किती टर्न उरले तो आकडा ३ दिसतो. फ्लटर मेन इथे चांगला पडतो, कारण तो घोस्ट असल्यानं समोरच्याची फेक आउट (आधी बसून चाल हुकवणारी मूव्ह) त्याला लागत नाही आणि मूळ स्पीड १३५ असल्यानं साँग सहसा आधी वाजतं. पॉलिटोडनं हेच करायला गेलात तर फेक आउट त्याला रोखते. मग जोडीदारानं तो धोका आधी हेरायला हवा.

दुसरा टर्न: फ्लटर मेन बाहेर, इन्सिनरोर आत. बाहेर गेल्यावर फ्लटर मेनचा आकडा पुसला जातो. इन्सिनरोर आत येताना इंटिमिडेटनं समोरच्या दोघांचा अटॅक एक पायरी उतरतो. आकडा २. हा टर्न सगळ्यात धोक्याचा. गॉथिटेलनं आधीच्या टर्नला प्रोटेक्ट वापरलं आहे आणि लगेच परत मारलं तर ते चालायची शक्यता तिसऱ्या हिश्शाची. म्हणून गॉथिटेलला एचपी आणि डिफेन्स भरपूर द्या. सिट्रस बेरी चौथा भाग परत देते.

तिसरा टर्न: इन्सिनरोरची फेक आउट जास्त धोकादायक असलेल्यावर, गॉथिटेल पुन्हा प्रोटेक्ट. आकडा १.

चौथा टर्न: गॉथिटेल बाहेर, फ्लटर मेन किंवा चौथा आत. इन्सिनरोर साँगनंतर आलेला, त्याच्यावर आकडा नाही, तो राहू शकतो. समोरचा स्विच निवडतो त्या क्षणी गॉथिटेल अजून मैदानात असते, त्यामुळे त्याचं स्विचचं बटण बंदच राहतं. टर्नच्या शेवटी आकडा ० आणि समोरचे दोघे एकदम पडतात.

मधल्या टर्नला समोरचा एक पाडायचा मोह आवरा. एकाला पाडलं की त्याच्या जागी ताजा पोकेमॉन येतो आणि त्याच्यावर आकडा नसतो. दोघांना मोजून पाडायचे असताना एकालाच पाडलंत, तर निम्मा ट्रॅप वाया गेला. फेक आउटनं थोडं एचपी जातं, तेव्हा ज्याचं एचपी काठावर आहे त्याला मारू नका.

मोडतो कशानं? साउंडप्रूफ अ‍ॅबिलिटीला पेरिश साँग लागत नाही. समोर इन्सिनरोर असेल तर तो पार्टिंग शॉटनं निघून जातो, हे तर दर दुसऱ्या लढतीत दिसतं. टॉन्ट खाल्लेला फ्लटर मेन साँग म्हणू शकत नाही. समोरही शॅडो टॅगवाला असेल तर तो अडकत नाही. आणि समोरच्यानं गॉथिटेलवर दोन्ही हल्ले एकत्र टाकले तर दुसऱ्या टर्नला ती जाते, मग आकडा असलेले निवांत स्विच करतात. टीम प्रीव्ह्यूत (लढतीआधी समोरची टीम दिसते तेव्हा) यू-टर्न किंवा पार्टिंग शॉटवाले तीनेक दिसले तर पेरिशचा बेत सोडा आणि गॉथिटेल निवडूच नका. हा बेत दर लढतीत वापरायचा नसतो, म्हणून बाकी चौघांनी स्वतःच्या बळावर जिंकता येईल अशीच टीम बांधा.

मित्रांच्या लढतीत शॅडो टॅग चालत असेल तर

वॉबफेटचा मूळ एचपी १९० आहे आणि तो स्वतः हल्ला करत नाही. काउंटर फिजिकल मार दुप्पट परत करतो, मिरर कोट स्पेशल. समोरच्याकडे दोन्ही प्रकारचे हल्ले असतील तर अंदाजाचा खेळ होतो. एकाच प्रकारचे असतील तर खेळ संपलाच. खरी ताकद एन्कोरची. समोरच्यानं वाढीची किंवा बरं करणारी मूव्ह वापरली की एन्कोरनं त्याला ३ टर्न त्यातच बांधायचं. मग वॉबफेट काढून आपला वाढणारा पोकेमॉन आणता येतो. पण वॉबफेट गेल्यावर ट्रॅप उरत नाही हे ध्यानात असू द्या. समोरचा पळेल, तुम्हाला मिळालेला टर्न मात्र तुमचाच.

अरेना ट्रॅपच्या डगट्रिओबद्दल थोडक्यात: स्पीड १२०, एचपीचा मूळ आकडा ३५. एका फटक्यात सावज पडलं नाही तर डगट्रिओच पडतो. पोकेमॉन पडल्यावरच आणा, अर्थक्वेकचा लहान आकडा पुरतो का तेवढं बघा.

अडकू नये म्हणून

टीम प्रीव्ह्यूत समोर मॅग्नेझोन दिसला की तुमची स्कार्मरी हा तुमचा सगळ्यात महागडा नग झाला. तिला विनाकारण आत आणू नका. समोरचा यू-टर्नवाला मैदानात असताना तर नाहीच, कारण तो बघून मॅग्नेझोन पाठवणार. मॅग्नेझोनला आधी जखमी करा, त्याच्या बलूनला कुठलाही हलका हल्ला लावून तो फोडा, मग ग्राउंड मार त्याला चौपट बसतो. टीम बनवताना दर वेळी सहाही जणांवर सुटकेची साधनं लावायची गरज नाही. ज्याच्या जाण्यानं टीम कोसळते त्या एकावर शेड शेल किंवा यू-टर्न द्या.

सरावासाठी दोघांनी शोडाउनवर एकमेकांना थेट चॅलेंज करा, एकाकडे मॅग्नेझोन-ड्रॅगनाइट, दुसऱ्याकडे स्कार्मरी असलेली टीम. पाच लढती खेळा, मग टीम बदला. प्रत्येक लढतीनंतर रीप्ले जपून ठेवा आणि एकच गोष्ट शोधा: मॅग्नेझोन कोणत्या टर्नला, कोणत्या वाटेनं आत आला. टायमर चालू ठेवायचा की नाही, ते आधी ठरवा. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत होम मैदानाच्या आसपास बसून खेळायचं असेल, तर गर्दीत मोबाइलचं नेट अडखळतं, तेव्हा टायमर बंद ठेवा किंवा घरच्या वायफायवर खेळा. पेरिश ट्रॅपचा सराव करताना कागद-पेन्सिल जवळ ठेवून प्रत्येक टर्नला दोन्ही बाजूंचे आकडे लिहा. दहाएक लढतींत ते डोक्यात बसतात, तोवर कागदावरच राहू द्या.